जुने कागद ठाण्यात कुणाच्या हाती द्यावेत? लॅमिनेशनवाला, बायंडर, स्कॅनिंगवाला आणि संवर्धक

नौपाड्यातली जुनी घरं पुनर्विकासाला गेली की माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात. त्यांत मोडीतली खरेदीखतं निघतात, लाखेचा शिक्का असलेला एखादा दस्त, पिवळ्या पडलेल्या जन्मपत्रिका, वर्तमानपत्रांची कात्रणं, आजोबांचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट. घर रिकामं करायची तारीख डोक्यावर असते, म्हणून ‘याचं आधी काहीतरी करून टाकू’ असं ठरतं आणि कागद बाजारात जातात. तिथं दहा मिनिटांत त्यांचं जे होतं, ते बहुतेक वेळा कायमचं होतं.

ठाणे-नवी मुंबईत अशा कागदांसाठी चार प्रकारची सेवा मिळते. चौघांनाही इथं एकच कसोटी लावली आहे : केलेलं काम वीस-तीस वर्षांनी दुसऱ्या कुणाला कागद न दुखावता काढता येईल का?

लॅमिनेशन

सर्वात स्वस्त, सर्वात झटपट आणि जुन्या कागदाला सर्वात घातक. पाऊचची फिल्म बाहेरून पॉलिएस्टरची असते आणि आतून तिला उष्णतेनं वितळणारा गोंद असतो. शंभर अंशांवर तापलेल्या रोलरमधून कागद गेला की तो गोंद थेट तंतूंमध्ये शिरतो. पुढे फिल्म सोलायला गेलं तर कागदाचा वरचा पापुद्रा आणि त्याच्यावरची शाई फिल्मबरोबर निघून येते. लाख साधारण ७०-८० अंशांना मऊ पडते, म्हणजे शिक्का सपाट होऊन पसरतो. थर्मल कागदावरची पावती तर मशीनमधून काळी होऊनच बाहेर येते.

न दिसणारं नुकसान त्याहून मोठं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कागद लाकडाच्या लगद्याचा होऊ लागला आणि त्याला तुरटी-राळेची कांजी लागली. असा कागद स्वतःच आम्ल तयार करतो. ते आम्ल प्लास्टिकमध्ये कोंडलं की कागद आतल्या आत लवकर जळतो. आपल्याकडे पाऊचची कड कापून आकार नीटनेटका करून देतात. त्या उघड्या कडेतून पावसाळ्याची दमट हवा आत शिरते, आणि दोन-तीन वर्षांत कडेपासून आत बुरशीचे तपकिरी ठिपके सरकताना दिसतात.

ही चूक फक्त दुकानदारांची नाही, हेही सांगायला हवं. गेल्या शतकात अभिलेखागारांनी स्वतःच लाखो पानांचं लॅमिनेशन केलं. सेल्युलोज अॅसिटेटची फॉइल आणि टिश्यू अॅसिटोनच्या बोळ्यानं हातानंच चिकटवायची पद्धत तर आपल्या राष्ट्रीय अभिलेखागारातच विकसित झाली. तेव्हा ती उत्तम वाटत होती. आज ते अॅसिटेट आकसतं, त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, आणि ते काढणं हे संवर्धकांचं एक वेगळंच काम होऊन बसलं आहे. ‘परत काढता येईल का’ हा प्रश्न इतका कडक झाला तो या अनुभवातून.

रेशनकार्डाच्या झेरॉक्सला लॅमिनेशन जरूर करा. मूळ जुन्या कागदाला कधीच नको.

बायंडर

बायंडरच्या हातात कसब असतं, आणि वाचनालयातल्या फिरत्या पुस्तकांसाठी त्याच्यासारखा माणूस नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं आहे. अशा शहरात रोज दहा हातांत जाणाऱ्या कादंबरीला पक्की बांधणी लागणारच. पण जिची दुसरी प्रत मिळणं कठीण, ती पोथी किंवा पहिली आवृत्ती त्याच टेबलावर ठेवली की तीन गोष्टी बिघडतात.

पहिली, कटिंग. तिन्ही बाजूंनी तीन-चार मिलिमीटर छाटले की कडा सरळ होतात खऱ्या, पण समासातल्या टिपा, जुने पानांक, देणगीदाराची सही यांतलं काहीतरी जातंच. दुसरी, शिवण. घड्यांची पाठ कापून बाजूनं टाके घातले की पुस्तक पूर्ण उघडत नाही. ठिसूळ पान उलटताना टाक्यांच्या रेषेवरच मोडतं.

तिसरी गोष्ट खळ. मैद्याच्या खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालायची आपल्याकडची जुनी रीत आहे. कीड त्यानं लांब राहते हे खरं, पण मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, आणि तांबं कागदातल्या सेल्युलोजचं ऑक्सिडेशन वेगानं घडवून आणतं. पाठीजवळचा कागद तपकिरी होऊन तुटतो तो अनेकदा यामुळेच. फेविकॉलसारखा पांढरा गोंद वाळला की पाण्यात परत विरघळत नाही, त्यामुळे तोही आमच्या कसोटीवर नापास. बायंडरला स्पष्ट सांगता येतं : कटिंग नको, मोरचूद नको, मूळ शिवण शाबूत असेल तर तिला हात नको. ऐकणारा बायंडर मिळाला तर त्याला सोडू नका.

स्कॅनिंग

याबद्दल थोडक्यात. स्कॅनमुळे कागद टिकत नाही, पण तो वारंवार हाताळावा लागत नाही, आणि तोही मोठाच फायदा आहे. फ्लॅटबेड स्कॅनर आहे का ते विचारा. कागद आपोआप ओढून घेणाऱ्या फीडरमध्ये जुनं पान घालू देऊ नका. रंगीत, ६०० डीपीआय, टिफ फाइल मागा. ए-फोर आकाराचं एक पान साधारण १०४ एमबीचं होतं. दुकानदारानं पाच एमबीची पीडीएफ हातात ठेवली तर ती वाचण्यापुरती ठीक आहे, जपण्याजोगी नाही. पुस्तकाची पाठ काचेवर दाबून सपाट करू लागला तर तिथंच थांबवा.

संवर्धक

आता मुख्य सेवा. ‘कॉन्झर्व्हेटर’ किंवा संवर्धक म्हणजे भारी दराचा दुरुस्तीवाला, असा समज सर्रास आढळतो. खरं तर पहिल्या भेटीत चांगले संवर्धक काहीच दुरुस्त करत नाहीत. ते बघतात, आणि त्या बघण्याचे पैसे देणं सर्वात योग्य आहे.

प्रकाश एका बाजूनं तिरका टाकून कागद पाहिला की घड्या, उंचवटे, सुटू लागलेली शाई दिसते. भिंगाखाली तंतू दिसतात. जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागद लांब तंतूंचा असतो आणि दोनशे वर्षांनीही लवचीक राहतो. १९४० सालचं वर्तमानपत्र मात्र कोपरा दुमडताच तुटतं. मग शाई. मोडी दस्तांतली काजळीची शाई पाण्यानं फिकी पडत नाही, पण ती कागदाच्या वर बसलेली असते आणि डिंकानं धरलेली असते. ओली असताना चोळली की निघते. इंग्रजी दफ्तरातली तपकिरी पडलेली लोह-शाई याच्या उलट, ती कागद आतून खाते. तिच्यावर खास टेस्ट-पट्टी ओलसर करून टेकवली आणि पट्टी गुलाबी झाली, तर सुटं लोह आहे, म्हणजे साधी ओली खळसुद्धा त्या जागी धोक्याची. रबरी शिक्का, फाउंटन पेन आणि ओली झाली की जांभळी होणारी कॉपिंग पेन्सिल यांची चाचणी वेगळी घ्यावी लागते : आडबाजूला पाण्याचा सुईच्या टोकाएवढा थेंब, वर टीपकागद, आणि रंग उतरतो का ते पाहायचं. एकाच दस्तावर तीन-चार प्रकारच्या शाया असतात, म्हणून प्रत्येकीची चाचणी.

यानंतर लेखी अहवाल आणि फोटो मिळायला हवेत : कागद कोणता, पीएच (आम्लतेचं माप) किती, नुकसान कुठं, काय करणार, काय करणार नाही. हा अहवाल न देता ‘होऊन जाईल, ठेवून जा’ म्हणणाऱ्याकडे कागद ठेवू नका, मग पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

प्रत्यक्ष कामाचा क्रम असा असतो. आधी कोरडी सफाई, मऊ ब्रश आणि व्हल्कनाइज्ड रबराच्या स्पंजनं, मधून कडेकडे. धूळ राहिली आणि पान ओलं झालं तर तीच धूळ डाग बनून आत बसते. मग शाई परवानगी देत असेल तरच धुणं. पान दोन पॉलिएस्टरच्या न विणलेल्या कापडांमध्ये धरतात, पाणी आणि अल्कोहोलच्या मिश्रणानं आधी एकसारखं ओलं करतात, आणि मग शुद्ध पाण्याच्या ट्रेमध्ये सोडतात. पाणी चहासारखं पिवळं होतं, ते बदलत राहायचं.

त्यानंतर आम्ल मारण्यासाठी चुन्याची निवळी, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं द्रावण. एका लिटर पाण्यात दीड-पावणेदोन ग्रॅमच चुना विरघळतो, आणि ती संपृक्त निवळी इतकी तीव्र असते की पातळ करूनच वापरायची. वीसेक मिनिटांनी पान बाहेर काढलं की हवेतला कार्बन डायॉक्साइड शोषून त्यातच कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं आणि पुढच्या आम्लासाठी राखीव साठा म्हणून तंतूंत राहतं. काम झाल्यावर पीएच साडेसात ते साडेआठच्या दरम्यान आला का, हे अहवालात बघा.

फाटलेली जागा जपानी टिश्यूनं सांधतात. हा कागद कोझो नावाच्या तुतीवर्गीय झाडाच्या सालीचा, लांब तंतूंचा. अक्षरांवरून लावायचा असेल तर ५ जीएसएमच्या (एका चौरस मीटरचं वजन ५ ग्रॅम) आसपासचा, जवळजवळ अदृश्य. समासातल्या चिरेला १०-१२ जीएसएमचा. तो कात्रीनं कापत नाहीत. पाण्याची रेघ ओढून हातानं फाडतात, म्हणजे कडेला केसासारखे तंतू सुटतात आणि जोड सपाट बसतो. कात्रीच्या सरळ कडेचं ठिगळ दिसलं तर काम घाईत झालं आहे असं समजा.

चिकटवायला गव्हाच्या स्टार्चची खळ, आणि स्टार्च म्हणजे मैदा नव्हे, ग्लूटेन काढून टाकलेला. एक भाग स्टार्च, चार-पाच भाग पाणी, तासभर भिजवून मंद आचेवर अर्धा-पाऊण तास न थांबता ढवळायचं, थंड झाल्यावर बारीक जाळीतून दोन-तीनदा गाळायचं. वापरताना ती ताकाइतकी पातळ करतात. ठाण्याच्या पावसाळ्यात ही खळ बाहेर ठेवली तर दुसऱ्या दिवशी आंबते आणि तिच्यावर बुरशी धरते. म्हणून जून ते सप्टेंबर अनेकजण मिथाइल सेल्युलोज या पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाकडे वळतात : दोन ते चार टक्क्यांचं द्रावण, कीड लागत नाही, पाण्यानं परत सुटतं. पकड मात्र स्टार्चपेक्षा कमी. जाड कागदाच्या चिरेला नुसतं मिथाइल सेल्युलोज लावलं तर ती महिन्याभरात पुन्हा उघडते. दोन्ही मिसळून वापरणारे बरोबर करतात.

वाळवणं हा सर्वात कंटाळवाणा आणि सर्वात जास्त बिघडणारा टप्पा. टीपकागदांमध्ये, वजनाखाली, पहिला टीपकागद पंधरा मिनिटांत बदलायचा, दुसरा तासाभरात, मग रात्रभर, मग पुढचे काही दिवस. जुलैत टीपकागदच दमट असतात, ते आधी सुकवून घ्यावे लागतात. घाई केली तर पान लहरतं. खळ जास्त झाली तर जोड चमकतो आणि कडक होतो. फक्त डागाची जागा ओली केली तर तिच्याभोवती नवी पिवळी कड उमटते, जी मूळ डागापेक्षा वाईट दिसते. एका फाटक्या फुलस्केप पानाला हातचं काम तीन-चार तासांचं आणि कॅलेंडरवर आठवडा, हे लक्षात घेतलं की दर का जास्त असतो ते कळतं. पानामागे सरसकट एकच दर सांगणाऱ्यापेक्षा तपासणीनंतर तासांचा अंदाज देणारा जास्त विश्वासाचा.

कुठं कमी पडतात

सगळेच संवर्धक काळाबरोबर चालत नाहीत. काही ठिकाणी अजून रेशमी शिफॉनचं अस्तर चढवतात. सुरुवातीला ते सुरेख दिसतं, पण वीस-पंचवीस वर्षांत रेशीम स्वतः पिवळं, ठिसूळ होतं आणि खालच्या अक्षरांवर धुकं धरतं. जपानी टिश्यूचा आग्रह धरा. ब्लीचिंगही तसंच. ‘पांढरं करून द्या’ ही मागणी ग्राहकच करतात आणि नाही म्हणवत नाही म्हणून ती पुरवली जाते. क्लोरीनचं ब्लीच तंतू कापतं, कागद पांढरा होतो आणि अशक्त होतो. वयाचा पिवळेपणा हा आजार नाही.

सेलोटेपबद्दल अपेक्षा आधीच कमी ठेवा. वरची पट्टी कोमट स्पॅच्युलानं निघते, उरलेला चिकटा सॉल्व्हंटनं निघतो, पण गोंद तेलकट होऊन आत झिरपला असेल तर तपकिरी सावली राहते. ती पूर्ण जाईल असं ठामपणे सांगणाऱ्यावर भरवसा ठेवू नका.

आणि एका बाबतीत संवर्धकांनी ‘नाही’ म्हटलं तर त्यांच्यावर रागावू नका : गेलेली अक्षरं. कसरीनं खाल्लेल्या जागी काय लिहिलं होतं हे घरच्यांना पाठ असतं, ते ‘भरून द्या’ म्हणतात. १९६४ च्या व्हेनिस सनदेत वास्तूंसाठी जे म्हटलं आहे, जिथं अंदाज सुरू होतो तिथं जीर्णोद्धार थांबला पाहिजे, तेच कागदालाही लागू आहे. भोक जुळत्या रंगाच्या कागदानं भरतील, अक्षर लिहिणार नाहीत. खरेदीखताच्या बाबतीत तर हा तत्त्वाइतकाच कायद्याचाही प्रश्न आहे : पुरावा म्हणून दाखवायच्या दस्तात दुसऱ्याच्या हातचं एक अक्षरही नको.

मोठी उणीव मात्र माणसांची आहे. प्रशिक्षित कागद-संवर्धक फार थोडे. ठाणे-नवी मुंबईच्या घरगुती ग्राहकाला बहुतेक वेळा मुंबई किंवा पुण्याकडे बघावं लागतं आणि थांबावं लागतं. फोर्टात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला-संवर्धन केंद्र आहे. बाहेरचं काम सध्या घेतात का, हे जाण्याआधी विचारून घ्या. इतिहासाच्या दृष्टीनं मोलाचे मोडी कागद असतील तर पुण्याच्या पुराभिलेखागाराशी बोलणं हाही मार्ग आहे. पेशवे दफ्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सांभाळणाऱ्या संस्थेला तुमच्या ट्रंकेतल्या कागदाचं मोल चटकन कळेल.

नेताना आणि आणल्यावर

कागद गुंडाळून नळीत घालू नका, घडीही जोर लावून उघडू नका. घडी उघडत नसेल तर तशीच न्या. दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये सपाट, बाहेरून सुती कापड. पाऊस असेल तर वर प्लास्टिक, पण पोहोचताच काढायचं. लोकलनं जायचं तर दुपारची गाडी धरा, सकाळच्या गर्दीत पुठ्ठाही वाकतो. चिकटलेली पानं, जुने टेप, सुटलेले तुकडे घरी सोडवू नका. तुकडे पाकिटात घालून कुठल्या पानाचे ते पेन्सिलीनं पाकिटावर लिहा.

पुरात भिजलेल्या कागदांचं वेगळं. २६ जुलै २००५ नंतर या पट्ट्यात अनेकांनी ओले दस्त उन्हात वाळत घातले आणि पानं चिकटून वीट झाली. भिजल्यापासून ४८ तासांत बुरशी सुरू होते. तेवढ्यात संवर्धक मिळत नसेल तर पानं न उघडता, छोट्या गठ्ठ्यांत, प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलेला कागद महिनोन्महिने थांबतो. फोटो मात्र फ्रीझरऐवजी आधी एकमेकांपासून अलग करून हवेत वाळवलेले बरे.

परत आलेले कागद पुन्हा लोखंडी कपाटात, बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवले तर सगळा खर्च वाया. पावसाळ्यात आपल्याकडची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते आणि ६५ च्या पुढे बुरशी जागी होते. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याजवळ राहणाऱ्यांना हवेतल्या सल्फर आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचाही विचार करावा लागतो, कारण दमट कागदात त्यांचं आम्ल होतं. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे, खालचा कप्पा जमिनीपासून किमान अर्धा फूट वर, आणि कागद आम्लविरहित पुठ्ठ्याच्या खोक्यात. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटातही ठेवता येतात. हे लॅमिनेशन नव्हे : कागद कशालाच चिकटलेला नसतो, दोन कडा उघड्या ठेवलेल्या असतात. पण आम्ल काढलेलं नसेल तर पाकीट नको, आणि पेस्टल किंवा कोळशाच्या चित्राला कधीच नको, कारण पॉलिएस्टरची स्थिर वीज रंगाचे कण ओढून घेते.

सिलिका जेलच्या पुड्या नुसत्या कपाटात टाकल्या तर आठवड्याभरात भरतात आणि मग नुसत्या पडून राहतात. घट्ट झाकणाच्या डब्यातच त्यांचा उपयोग. निळ्याऐवजी नारिंगी घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं. रंग बदलला की ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास ओव्हनमध्ये. डांबरगोळ्यांपेक्षा वेखंड बरं, पण कागदाला न टेकता, कापडाच्या पुरचुंडीत.

काम परत घेताना बिलाबरोबर आधीचे-नंतरचे फोटो, वापरलेल्या खळीचं आणि टिश्यूचं नाव, आणि काढलेला प्रत्येक तुकडा, जुनं ठिगळसुद्धा, पाकिटात मागून घ्या. हा अहवाल कागदाच्याच खोक्यात ठेवा. ऑक्टोबरात हवा कोरडी झाली की खोकं एकदा उघडून जोडांच्या कडा तिरक्या उजेडात पाहा : उचललेली कड, चंदेरी कसरीची पावलं किंवा कुबट वास यांपैकी काही आढळलं तर तोच अहवाल घेऊन त्याच टेबलाकडे परत जा.